आजारी नसलेल्या बाईंसाठी प्रार्थना

तुम्ही देवाशी खोटं बोललात. आणि तेही स्वतःच्या तोंडाने नाही. स्वतः बोलला असतात तर निदान जीभ तरी अडखळली असती. तुम्ही पोरांची तोंडं उसनी घेतलीत. दात पडलेली, सकाळी सकाळी जांभया देणारी तोंडं. त्यांना हात जोडायला लावलेत, डोळे मिटायला लावलेत आणि जे घडलंच नव्हतं ते देवाला सांगायला लावलंत.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या वरच्या मजल्यावर गुळगुळीत टेबलाभोवती बसून, आधी क्रुसाची खूण, मग चहा, मग ठराव, मग पुन्हा क्रुसाची खूण करणारे तुम्ही. ठरावाखाली तुमची नावं नसतात. 'मंडळाने ठरवले' एवढंच असतं. मंडळाला तोंड नसतं, त्यामुळे त्याला जाबही विचारता येत नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि एखादी शेळी खड्ड्यात पडली तर उंटाकडे बोट दाखवायचं. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. नीट ऐका, मध्ये घड्याळाकडे बघू नका.

त्या शाळेत देव सकाळी पेटीतून यायचा. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर क्रूस होता आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, स्पीकरची लाकडी पेटी. घंटा झाली की पेटी आधी खाकरायची, मग मोठ्या सिस्टरांचा आवाज यायचा, "पित्याच्या, पुत्राच्या..." पहिलीत नव्याने आलेली पोरं बरेच दिवस गोंधळलेली असायची, की बोलतंय ते नेमकं कोण, पेटी की शेजारचा खिळ्यांवर लटकलेला माणूस. त्या माणसाचा आवाज बाईचा कसा, असंही एकाने विचारलं होतं. त्याला कोपऱ्यात उभं केलं. प्रश्न काही वाईट नव्हता.

चौथीच्या बाई या सगळ्यात मुरलेल्या होत्या. वर्गाकडे पाठ करून त्या फळा पुसायच्या आणि तरी कोण हात न जोडता उभा आहे ते त्यांना कळायचं. कोणाची खूण माशी हाकलल्यासारखी, कोणाची शर्टाची गुंडी चाचपल्यासारखी. "देवाला नमस्कार करतोयस की खिसा तपासतोयस रे?" बाई विचारायच्या. वर्ग हसायचा, मग पुन्हा डोळे मिटायचा. दुसऱ्या धर्मांची मुलंही होती. त्यांनी नुसतं शांत उभं राहायचं असा नियम होता. पण रोज ऐकून ऐकून त्यांनाच प्रार्थना जास्त पाठ झाल्या होत्या, आणि एखादा आपला गडी मध्येच अडकला की शेजारची त्यांच्यातलीच एखादी पोरगी हळूच पुढचा शब्द पुरवायची.

डबा उघडण्याआधी प्रार्थना. घरी जाण्याआधी प्रार्थना. भर दुपारी मैदानावर घंटा झाली की देवदूताची प्रार्थना, आणि तेव्हा जो जिथे असेल तिथे खांबासारखा उभा. चेंडू हवेत असला तर त्याने काय करायचं याला मात्र नियम नव्हता. आणि पापनिवेदनाचा, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करण्याचा, दिवस आला की आदल्या तासाला वर्गात बाजार भरायचा.

"माझ्याकडे काहीच नाहीये रे. तुझं एक दे ना."

"मी आईला उलट बोललो ते घे. पण मीपण तेच सांगणार आहे हां."

"मग नको. फादर म्हणतील नक्कल केली."

बाई हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. हसू दाबायच्या. त्यांची स्वतःची श्रद्धा अशीच होती, रोजच्या वापरातली, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखी. देव आहे का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आपला वर्ग सरळ रांगेत आहे का, हा पडायचा.

आणि गाणेबाई. संगीत शिकवायच्या म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. शुक्रवारच्या मिस्सेला, म्हणजे सगळ्या शाळेच्या उपासनेला, चॅपलमध्ये डाव्या हाताला बसून त्या ऑर्गन वाजवायच्या. खणखणीत हसणाऱ्या, रंगीत बांगड्या घालणाऱ्या, वाजवताना जिभेचं टोक बाहेर काढणाऱ्या. त्यांच्या शेजारी बाकावर चौथीतली एक मुलगी बसायची. काटकुळी, मोठ्या डोळ्यांची, सगळे तिला चिमणी म्हणायचे. आवाजावरून नव्हे बरं का! चिमणीचा आवाज असा की ती गायला लागली की शेजारचे चार जण सूर सोडायचे. दुसऱ्या कोणी तिला 'नुसते ओठ हलव' म्हटलं असतं. गाणेबाईंनी तिला पानं उलटायला बसवलं. त्यांनी मान हलवली की चिमणीने पान उलटायचं. तेवढंच काम. पण शुक्रवारी ती पोर केसांना पाणी लावून, मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, अशी यायची की जणू मिस्सा फादर नव्हे, तीच म्हणणार आहे.

गाणेबाईंचं प्रकरण असं होतं. तरुणपणी लग्न झालं, नवरा हात उचलायचा. आधी हात, मग पट्टा, मग एकदा गरम इस्त्री. त्या निघून आल्या. लग्न रद्दबातल ठरवावं म्हणून त्यांनी चर्चच्या न्यायालयात अर्ज केला, आणि तो अर्ज तिथे निवांत झोपला. कोणी उठवलं नाही त्याला. पुढे औषधाच्या दुकानात काम करणारा एक विधुर भेटला. सरळ माणूस. त्या दोघांनी नोंदणी कार्यालयात जाऊन सही केली, बाहेर येऊन चहा प्यायले, झालं लग्न. चर्चच्या लेखी मात्र पहिला नवरा अजून नवराच. म्हणजे पट्टेवाला धर्माप्रमाणे, आणि औषधवाला अधर्म. तेव्हापासून गाणेबाई ख्रिस्तप्रसाद घ्यायला गेल्या नाहीत. असं लग्न केलेल्याने तो घ्यायचा नसतो, हा नियम त्यांनी पाळला. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळे रांगेने वेदीकडे जात असताना कोणीतरी वाजवायला बसावंच लागतं.

पण भिंतींना कान असतात, आणि शाळेच्या भिंतींना तर तोंडही. दुसऱ्या लग्नाचं मंडळापर्यंत गेलं. ठराव झाला. 'संस्थेच्या मूल्यांशी विसंगत वर्तन.' गाणेबाईंना वर बोलावलं, खाली येताना त्या बांगड्या धरून आल्या, वाजू नयेत म्हणून. सामान उचललं आणि गेल्या.

पुढच्या सकाळी पेटी खाकरली. प्रार्थना झाली. मग मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मुलांनो, आपल्या संगीताच्या बाई आजारी आहेत. त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून आपण रोज एक नमो मरिया म्हणू या."

आणि आख्ख्या शाळेने म्हटली.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी चहाला रंग आला. खेळाचे सर म्हणाले, "आजाराचं नाव काय म्हणे?"

"दुसरं लग्न," कोणीतरी म्हणालं.

"अरे बापरे. संसर्गजन्य असतो का?"

"तुम्हाला नाही होणार. तुम्हाला पहिलंच झेपत नाहीये."

सगळे हसले. चौथीच्या बाईही हसल्या. 'आजारी' हा शब्द तेव्हा तेवढाच वाटला, पोरांपुढे वेळ मारून न्यायचा शब्द. मोठ्या माणसांची अशी शंभर झाकणं असतात. पण पेटी रोज खाकरत राहिली, आणि रोज बाईंनी हात जोडून वर्गाला म्हणवून घेतलं. खोटं बोलणं वेगळं. रोज ठरल्या वेळी, उभं राहून, डोळे मिटून खोटं बोलणं वेगळं.

मग गुच्छ सुरू झाला. शाळेची जुनी रीत होती ही. कोणी आजारी पडलं की त्याच्यासाठी फुलं न्यायची नाहीत, प्रार्थनांचा गुच्छ करायचा. वर्गाच्या मागच्या भिंतीवर पुठ्ठ्याची हिरवी देठं लावायची. नमो मरिया म्हटली की पिवळं कागदी फूल चिकटवायचं, आख्खी जपमाळ म्हटली की पांढरं, आणि त्याग केला, म्हणजे आवडीचं काहीतरी सोडलं, की लाल. आजारी माणूस बरा व्हायला टेकला की गुच्छ मिस्सेत वेदीसमोर ठेवायचा आणि मग त्याच्या घरी पाठवायचा. अमुक इतकी माणसं तुझ्यासाठी गुडघे टेकून होती, हे त्याला डोळ्यांनी दिसावं. रीत खरंच सुंदर होती. म्हणून तर जास्त चीड येते.

लाल फुलाला भाव होता. एकाने येऊन सांगितलं, "बाई, मी आंघोळ सोडली."

"हा त्याग तुझा नाही बाळा, तुझ्या शेजारी बसणाऱ्याचा आहे. फूल त्याला दे."

पण चिमणी रोज एक लाल फूल लावायची. काही न बोलता यायची, डिंकाची बाटली उघडायची, लावायची, जागेवर जाऊन बसायची. बाईंनी एकदा वर्गासमोर तिच्या पाठीवर हात ठेवला. "बघा. शिका काहीतरी हिच्याकडून." हात ठेवला तेव्हा खांद्याचं हाड लागलं. पण ही मूळचीच काटकुळी, असं त्या मनात म्हणाल्या.

मग एका दुपारी मैदानावर घंटा झाली, सगळे खांबासारखे उभे राहिले आणि त्यातला एक खांब कोसळला.

आजारी मुलांच्या खोलीत बाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, दप्तर उघडलं. डबा घासूनपुसून स्वच्छ. "काय खाल्लंस आज?"

चिमणी छताकडे बघत राहिली.

"काल?"

"फाटकापाशी कुत्री असतात बाई."

"म्हणजे? डबा कुत्र्यांना घालतेस? रोज?"

"लाल फुलासाठी."

बाई तिच्या उशाशी बसल्या. रागवावं की जवळ घ्यावं कळेना. "अगं, त्याग म्हणजे एक गोळी सोडायची, एक खेळ सोडायचा. जेवण नाही सोडायचं. देव असं मागत नाही."

"मग गाणेबाई बऱ्या का नाही होत?" चिमणी म्हणाली. आणि मग भिंतीकडे तोंड करून तिने ते सांगितलं. "माझं एक पाप राहिलंय. मी कबुलीत सांगितलं नाही. मी एकदा मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. गंमत म्हणून. गाणेबाईंचं चुकलं. सगळं चॅपल हसलं, फादरांनी वळून बघितलं त्यांच्याकडे. त्याच्यानंतर लगेच त्या आजारी पडल्या. म्हणून देव माझं ऐकत नाहीये. दुसऱ्यांचं ऐकलं असतं, पण मी पण मागतेय ना, म्हणून अडलंय."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या लेकराने एकटीने बसून केवढा हिशोब मांडला होता! आणि कोणी शिकवला तो तिला? त्यांनीच. पाप केलं की कोणाला तरी भोगावं लागतं, मनापासून मागितलं की मिळतं, नाही मिळालं तर मन तपासून बघा. फळ्यावर खडूने लिहून दिलेलं होतं सगळं.

"तुझ्यामुळे नाही ग," एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य ओठांवर येऊन थांबलं. दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी बाई गाणेबाईंच्या घरी गेल्या. गाणेबाई गच्चीत दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, तोंडात चिमटा धरून गुणगुणत. तब्येत अशी ठणठणीत की बाईंना क्षणभर त्यांचाच राग आला.

"ये ग. बघायला आलीस? ताप नाहीये मला, हात लावून बघ."

"तुला कळलंय तर."

"भाजीवाली विचारत होती, ऑपरेशन कधी आहे म्हणून. मला निदान आजार कोणता ते तरी कळवा. लक्षणं दाखवायला बरी." त्या हसल्या, चिमटा दोरीला लावला. "एक कर फक्त. पुढच्या ठरावात मारू नका मला. हे घाबरतील घरी."

मग बाईंनी डब्याचं सांगितलं. दोन पानांचंही सांगितलं. गाणेबाईंच्या हातात ओला शर्ट तसाच राहिला, पाणी पायांवर ठिबकत राहिलं.

"मला आठवतंय ते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं पानं चिकटली. अगं, मीच हसले होते सगळ्यांत जास्त." मग आवाज बदलला. "मला काढलं, ठीक आहे. माझं मी बघून घेईन. पण माझ्या नावाने त्या पोरीला उपाशी ठेवलंय? सांग तिला. उद्याच्या उद्या सांग."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," गाणेबाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

बाई घरी परतल्या तेव्हा त्यांचा नवरा दुरुस्तीचं घड्याळ उघडून बसला होता, डोळ्याला भिंग. सगळं ऐकून घेतलं. "एवढ्याशा शब्दाचं एवढं मोठं काय घेऊन बसलीस? आजारी म्हणाले. पळून गेली म्हणाले असते तर बरं झालं असतं?"

"अहो, पोर खाली पडली."

"पोरांना चार दिवसांत विसर पडतो."

"तुमच्या आईने लहानपणी तुम्हाला काय सांगितलं होतं, तुमचा मेलेला कुत्रा शेतावर राहायला गेला म्हणून? आणि अजून चिडता तुम्ही ते आठवून."

नवऱ्याने भिंग काढलं. "ते वेगळं," तो म्हणाला. पण मग त्या रात्री त्याला ते घड्याळ काही पुन्हा जुळवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या सिस्टरांकडे गेल्या. मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. पोरांच्या परीक्षांच्या वेळी त्या चॅपलमध्ये गुडघे टेकून बसायच्या, आणि नापास झालेल्याच्या घरी स्वतः जायच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत लहान लहान होत गेल्या.

"पोरांना काय सांगायचं, असं मी वर विचारलं होतं बाई. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. मला त्या क्षणी 'आजारी' सुचलं. एक शब्द. मला वाटलं आठवड्यात विरून जाईल."

"त्याला फुलं आलीत सिस्टर. लाल फुलं."

सिस्टरांनी डोळे टिपले, आणि मंडळाचे व्यवस्थापक असलेल्या फादरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर सुटका होती.

"फादरांनी मार्ग काढलाय. शुक्रवारच्या मिस्सेत जाहीर करू, की बाई बऱ्या झाल्या, पण आता त्या दुसरीकडे शिकवणार आहेत. देवाचे आभार मानू. गुच्छ वेदीसमोर ठेवू, म्हणजे प्रकरण आनंदाने संपेल. शेवटची विनंती चिमणीने वाचावी, आणि गुच्छही तिनेच न्यावा. तिचं मनही शांत होईल. वाक्य तेवढं तुम्ही लिहून द्या."

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. यांनी कोंबडं झाकलं नव्हतं, त्याला आरवायला शिकवलं होतं. आधी नसलेला आजार दिला, आता नसलेला चमत्कार. आणि वाक्य लिहायला चौथीच्या बाई.

बाईंनी लिहिलं. हो, लिहिलं. घराचं भाडं होतं, घड्याळांना आता गिऱ्हाईक नव्हतं. शिवाय मनात त्यांनी तडजोड केली: मिस्सा होऊ दे, मग संध्याकाळी पोरीला शांतपणे बाजूला घेऊन सगळं सांगू. आईलाही बोलावू.

शुक्रवारी वर्ग चॅपलच्या दारात रांगेत उभा होता. आत मेणबत्त्या लागल्या होत्या. ऑर्गनवर सातवीचा कोणीतरी अडखळत होता. चिमणीच्या हातात तिच्याहून मोठा गुच्छ, मोजे गुडघ्यापर्यंत. चेहरा असा उजळलेला की बाईंना बघवेना. तिने बाईंचा पदर ओढला.

"बाई, आता मी डबा खाल्ला तर चालेल ना? की गाणेबाई परत आजारी पडतील?"

झालं. संध्याकाळ, आई, शांतपणा, सगळं गळून पडलं. बाई तिथेच, रांगेत, गुडघ्यांवर बसल्या. आणि घाईत, वाईट तऱ्हेने, अर्धवट वाक्यांत त्यांनी सांगून टाकलं. गाणेबाई आजारी नव्हत्या. कधीच नव्हत्या. त्यांनी लग्न केलं, ते शाळेला चाललं नाही, म्हणून त्यांना घालवलं. तुझ्या पानांमुळे काही झालं नाही. तुझ्यामुळे काही, काहीही झालं नाही.

चिमणी हसली नाही, रडलीही नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं काही चढलं नाही. तेवढ्यात रांग पुढे सरकली.

मिस्सा चालू झाली. वाचन झालं, प्रवचन झालं. फादर कृतज्ञतेवर बोलले. मग विनंत्या. एकेक मूल माइकपाशी जाई, जगात शांती नांदावी, पावसापाण्याने साथ द्यावी, परीक्षा सोप्या जाव्यात. प्रत्येकानंतर सगळं चॅपल एका सुरात म्हणे, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." रोजच्या सवयीने. विनंती संपली, थोडी शांतता झाली की तोंडं आपोआप उघडायची. अर्धी पोरं तेव्हा बुटाच्या पट्ट्याशी खेळत असायची.

शेवटी चिमणी उभी राहिली. कागद हातात होता. तिने तो बघितला. मग मागे वळून बाईंकडे बघितलं. बाई जागेवरून उठून तिच्यापाशी गेल्या, घाबरली असेल म्हणून. पोर माइकसमोरच उभी होती, आणि तिने बाईंना कुजबुजत विचारलं. फक्त बाईंना. पण माइकला कुठे कळतं?

"बाई, मग देवाने माझे डबे कशासाठी घेतले?"

आवाज छतापर्यंत गेला. थोडी शांतता झाली. आणि मग पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या शाळेने, सिस्टरांनी, शिक्षकांनी, पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळाच्या सभासदांनी, सवयीने, खड्या आवाजात उत्तर दिलं:

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

म्हणून झालं आणि मग कळलं. आधी मोठ्या मुलांना, मग शिक्षकांना. खेळाचे सर खाली बघू लागले. फादरांचा एक हात वेदीवर तसाच राहिला. "पुढे चला," ते म्हणाले, "अर्पणाला सुरुवात करू या."

बाईंनी माइक धरला. माइक खरखरला, वर्गातल्या पेटीसारखा. "मुलांनो, आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करत होतो त्या बाई आजारी नव्हत्या. त्यांना शाळेतून काढलं. तुम्हाला खोटं सांगितलं. मीसुद्धा रोज तुमच्याबरोबर ते खोटं म्हटलं. तुम्ही मागितलंत ते खरं होतं. मागायला लावणारे खोटे होते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विनंतीनंतर शाळा गप्प बसली. गुच्छ वेदीकडे गेला नाही. चिमणी तो छातीशी धरून जागेवर जाऊन बसली, आणि एक लाल फूल बाकाखाली पडलं ते कोणी उचललं नाही.

मिस्सा संपवली गेली, कशीबशी. मग बाईंना वर बोलावलं. गुळगुळीत टेबल, फादर, मंडळाचे दोन सभासद, कोपऱ्यात मोठ्या सिस्टर. एका सभासदाने घसा साफ केला.

"पवित्र मिस्सेत गोंधळ घातलात. मुलांची मनं दूषित केलीत. खुलासा द्या."

"दुखावली आहेत मनं," दुसरा म्हणाला, "लहान मुलांना असल्या गोष्टी कळत नाहीत. त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवायला आम्ही आहोत."

"तो शब्द माझा होता," कोपऱ्यातून मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळ्यांनी वळून बघितलं. त्या इतक्या हळू बोलल्या होत्या की त्यांनाच ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "'आजारी' हा शब्द माझा होता. बाईंचा नाही."

"सिस्टर, आपण नंतर बोलू," फादर म्हणाले. आणि सिस्टर गप्प बसल्या. बरं, निदान दोनदा तरी म्हणाल्या.

बाई उभ्याच होत्या. खुर्ची होती, पण बसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता त्यांना बसायचंही नव्हतं. नवल म्हणजे भीती अजिबात वाटत नव्हती. भाड्याचं काय, घड्याळांचं काय, ते सगळं दाराबाहेर उभं होतं, आत आलं नव्हतं.

"माझा खुलासा तुम्ही चॅपलमध्ये ऐकलात," त्या म्हणाल्या. "मला काढायचं तर काढा. माझाही आजार ठरवा काहीतरी, पोरं प्रार्थना करतील. पण खुलासा माझ्याकडे बाकी नाहीये, तो तुमच्याकडे बाकी आहे. एका पोरीने भर मिस्सेत प्रश्न विचारला. तुम्ही सगळ्यांनी देवाला म्हटलंत, ऐक. त्याने ऐकलं असणार, त्याचे कान चांगले आहेत. तुमचं काय?"

"हे बघा बाई..." फादर म्हणाले.

"मी नाही बघणार आता. तुम्ही बघा." बाईंनी जाऊन दार उघडलं. बाहेरच्या बाकावर चिमणी बसली होती, पाय लोंबकळत, मांडीवर डबा, झाकण लावलेलं. "ये ग बाळा. आत ये. घाबरू नकोस."

पोर उंबऱ्यात येऊन उभी राहिली. टेबलाभोवतीच्या मोठ्या माणसांकडे तिने एकेक करून बघितलं.

"ही आली," बाई म्हणाल्या. "ती सकाळपासून उपाशी आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. मी काही सांगणार नाही, मी पुष्कळ सांगितलं. तुम्ही मोठे आहात, शिकलेले आहात, देवाच्या जवळचे आहात. हिच्या डोळ्यांत बघून सांगा. त्याने हिचे डबे कशासाठी घेतले?"

फादर समोरचे कागद जुळवू लागले, पण बाई दारातून हलल्या नाहीत.

"सांगा ना."